ओलाव्याशी शर्यत: इतिहासाचार्य राजवाडे आणि धुळ्यातले जुने कागद

सिगारच्या पेटीत हवेतला ओलावा ६५ ते ७० टक्के राखतात. तेवढ्यात जुन्या कागदाला बुरशी धरू शकते. त्याला ५० टक्क्यांच्या आसपासच बरं. त्याहून वाईट म्हणजे चढउतार. आपल्या धुळ्यात मे महिन्यात कागद कडकडीत वाळतो, जुलैत ओल पितो.

१८६३ साली जन्मलेले विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आयुष्यभर हेच कागद वाचवत फिरले. पत्नीच्या निधनानंतर पुन्हा लग्न नाही, जेवण स्वतःच रांधायचं. वाळवी, उंदीर आणि गळक्या छपरातून उरलेली मोडी दप्तरं त्यांनी गावोगावचे वाडे धुंडाळून मिळवली. ती रुमालात बांधायची पद्धत होती. कापड थोडी ओल स्वतः शोषतं. पण खरा उपाय छपाई. मूळ कागद कुजला तरी मजकूर उरतो. १८९८ला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला, पुढे एकूण २२ झाले.

१९१०ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तिथे मतभेदही झाले. ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात ते गेले. त्यांचे कागद सांभाळायला इथेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं.