टॅफ्टसाहेबांचे वजन

विल्यम हॉवर्ड टॅफ्ट हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते एका विनोदात. अमेरिकेचे हे राष्ट्राध्यक्ष म्हणे न्हाणीघरातल्या टबात अडकले आणि माणसे लावून त्यांना बाहेर काढावे लागले. या गोष्टीला भक्कम पुरावा नाही. तरी चारचौघांत मीही ती रंगवून सांगितली आहे. पुढे त्यांच्या आयुष्याविषयी वाचले आणि माझे हसू मावळले.

१५ सप्टेंबर १८५७ रोजी सिनसिनाटी शहरात, वकिलीची परंपरा असलेल्या घरात त्यांचा जन्म झाला. अंगाने ते पहिल्यापासून आडवे, स्वभावाने दिलखुलास. न्यायाधीशाची खुर्ची हे त्यांचे खरे स्वप्न. पण पत्नी नेली यांची नजर व्हाइट हाऊसवर होती आणि मित्र थिओडोर रूझवेल्ट त्यांना राजकारणात ओढत होते. १९०१ मध्ये ते फिलिपिन्सचे गव्हर्नर झाले, १९०४ मध्ये युद्धमंत्री.

१९०५ च्या अखेरीस त्यांनी लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल यॉर्क-डेव्हिस यांना पत्र लिहून उपाय विचारला. साखर बंद, मांस चरबीविरहित, रोज काट्यावर उभे राहायचे आणि आकडे पत्राने कळवायचे. काही महिन्यांतच वजन सुमारे १४२ किलोवरून ११६ वर आले. गडी जिंकला असे वाटले. पण १९०९ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना तेच वजन १६० किलोवर पोहोचले होते!

पुढची चार वर्षे त्यांना फार जड गेली. पदावर येऊन तीन महिनेही झाले नाहीत तोच नेलीबाईंना अर्धांगाचा झटका आला. रूझवेल्टशी मैत्री तुटली. टॅफ्ट भर बैठकीत, पाहुण्यांसमोर झोपी जात आणि मोठ्याने घोरत. लोकांनी त्याला आळस म्हटले. आजचे डॉक्टर ही वर्णने वाचून सांगतात की हा आजार होता. घशाभोवती साचलेल्या चरबीमुळे झोपेत श्वास वारंवार अडतो, रक्तातला प्राणवायू घटतो, शरीर रात्रभर दचकत राहते आणि रक्तदाब चढतो. टॅफ्ट यांचा वरचा रक्तदाब २१० होता. १९१२ च्या निवडणुकीत अठ्ठेचाळीसपैकी अवघी दोन राज्ये त्यांच्या पदरी पडली.

या पराभवाने त्यांचे भलेच केले. १९१३ मध्ये येल विद्यापीठात ते कायदा शिकवू लागले आणि वर्षभरात जवळजवळ तीस किलो वजन उतरले. दिवसाची झोप गेली, वरचा रक्तदाब ४० ते ५० अंकांनी खाली आला. या वेळी वजन पुन्हा पूर्वीइतके कधीच चढले नाही. १९२१ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. राष्ट्राध्यक्ष आणि सरन्यायाधीश ही दोन्ही पदे भूषवणारे ते एकमेव. त्या काळात ते घरापासून न्यायालयाकडे पायी जात.

तरीही हृदयाने शेवटी दगा दिलाच. ३ फेब्रुवारी १९३० रोजी त्यांनी पद सोडले आणि ८ मार्चला, बहात्तराव्या वर्षी, ते गेले. हृदय थकले होते, रक्तवाहिन्या कठीण झाल्या होत्या.

मला या कहाणीत काट्यावरच्या आकड्यापेक्षा त्यामागचे अधिक महत्त्वाचे वाटते. पोटात, यकृताभोवती साठणारी चरबी गप्प बसत नाही. तिच्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, रक्तातली साखर आणि मेद वाढतात, दाब चढतो, धमन्यांच्या अस्तराला इजा होऊन तिथे मेदाचे थर बसू लागतात. हे काम वर्षानुवर्षे मुकाट्याने चालते. म्हणून वजन भरपूर पण तपासण्या उत्तम असलेल्या माणसानेही निर्धास्त राहू नये. वजन उतरले की दाब आणि साखर सुधारते, पण धमन्यांवर आधी बसलेले थर सहजी पुसले जात नाहीत. टॅफ्टसाहेबांना लाभलेली पुढची सतरा वर्षे मात्र कमी मोलाची नव्हती.

आणि हा प्रश्न फक्त धिप्पाड माणसांचा नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी यांचा एक फोटो २००४ मध्ये गाजला. उंचीच्या मानाने वजन दोघांचेही सारखेच. पण शरीरातली चरबी इंग्रजाची ९ टक्के, तर आपल्या याज्ञिकांची २१ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, अशी माणसे आपल्या प्रत्येक घरात आहेत. त्यांना कोणी जाड म्हणत नाही, म्हणून तपासणीही होत नाही. घरातली शिवणाची टेप काढून एकदा कंबर मोजावी. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर रक्तदाब, साखर आणि रक्तातला मेद तपासून घ्यावा.

वॉशिंग्टनमध्ये ज्या पुलावरून टॅफ्ट चालत जात, त्याला १९३१ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. आता टबाचा विनोद कुणी सांगू लागले, की मी त्यांना या पुलाची गोष्ट सांगतो.