तुकोबांच्या पुलावरून गेलेले टिळक

दिंडीच्या शंभरीच्या अंकात ख्रिस्ती माणसाचं चरित्र कशाला, असं काही माउलींना वाटेल. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ज्यानं स्वतःच सांगून ठेवलं, त्याची आठवण वारकऱ्यांनी नाही काढायची तर कोणी काढायची? म्हणून आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांवर लिहायला घेतलं.

जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लहानपणीच गेली, वडील कडक. पोर घर सोडून नाशकात आलं, गणेशशास्त्री लेल्यांपाशी संस्कृत शिकलं. पुढे जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी केली, तीच लक्ष्मीबाई. संसार म्हणजे नुसती भ्रमंती. पायाला भिंगरी, नोकरी टिकेना, पैसा हाती आला की कुणा गरजवंताला देऊन मोकळे. १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी साहेबानं त्यांना बायबल दिलं. दोन वर्षं वाचन आणि मनाची घालमेल चालली. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

झालं, नातीगोती तुटली. पण खरा घाव बसला तो लक्ष्मीबाईंवर. पदरात लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून घरात नाही. नातलगांच्या आधारानं त्या काही काळ कुठे राहिल्या म्हणाल, तर आपल्या पंढरपुरात! आपण ज्या वाळवंटात आनंदानं नाचतो, त्याच चंद्रभागेच्या काठी या बाईनं ते दुःखाचे दिवस काढले. टिळकांच्या श्रद्धेबद्दल आम्ही वाद घालत नाही. ती ज्याची त्याची. पण त्या श्रद्धेची किंमत आधी बायकोनं मोजली, हे लिहिल्यावाचून आम्हाला राहवत नाही. टिळकांनाही ते सलत होतंच. पत्रं चालू होती, भेटी होत होत्या. जवळजवळ पाच वर्षांनी त्या नगरला त्यांच्याकडे गेल्या, त्याही आपलं सोवळं सांभाळून. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला. इतकं सोसून ही बाई कडू झाली नाही, उलट दुसऱ्यांची पोरं पोटाशी धरायला लागली. दुष्काळात आईबाप गेलेली मुलं त्यांच्या घरात वाढली. बालकवी ठोमरेही त्याच घरात राहिले.

टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं. क्रुसावरचं त्याचं दुःख त्यांनी अभंगात गायलं. ‘अभंगांजली’ आजही त्यांची मंडळी टाळमृदंगावर म्हणतात. परदेशी चालींच्या प्रार्थनेत मराठी माणसाचा जीव रमणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून भजन-कीर्तनाचा आग्रह धरला. (शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ शिकलेल्यांना त्या मरणाऱ्या पक्ष्याची कविता यांचीच हे ठाऊक असेल.)

१९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कुणालाही तिथं यायची मुभा. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला, मुंबईत त्यांनी देह ठेवला. ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. ते पुढं नेलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळा अशी कधी मिळालीच नव्हती. आणि कीर्तनालाही त्या स्वतः उभ्या राहिल्या.