उन्हाच्या भांडवलावर

मुरूडजवळच्या राजपुरीच्या धक्क्यावरून पहाटे जंजिऱ्याचा फोटो घ्यायचा, तर सूर्य आपल्या पाठीशी असतो. किल्ला पश्चिमेला पाण्यात, सूर्य पूर्वेच्या डोंगराआड. आधी तट नुसता काळसर दिसतो. मग ऊन डोंगर ओलांडते आणि बुरूज एकेक करून उजळतात. थोड्याच वेळात तो सोनेरी रंग ओसरतो आणि दगड पांढुरका पडतो. कॅमेऱ्याचा नाद असलेल्या माझ्यासारख्या नाशिककराला अशा वेळी आपल्याच मातीतल्या एका माणसाची आठवण हटकून होते. उन्हाच्या भरवशावर त्यांनी सारा संसार पणाला लावला होता. ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब.

त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला. कॅमेरा माणसाचा प्राण ओढून घेतो, या समजुतीने लोक बिचकत. तशातच प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. १९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि छायाचित्रकार म्हणून लागले. जुन्या वास्तूंचे फोटो काढणे हीच त्यांची नोकरी होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जड कॅमेरा, लाकडी तिपाई, काचेच्या प्लेटा आणि उन्हाचा अंदाज, अशी ती त्या काळची फोटोग्राफी!

स्वदेशीच्या लाटेत त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली. छपाईचा धंदा नावारूपाला आणला, पण भागीदारांशी बिनसले आणि तोही सुटला. १९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्तावरचा चित्रपट पाहिला आणि त्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसू लागले. एकामागून एक चित्रपट पाहून डोळे अधू झाले, तरी उपचार घेऊन ते पुन्हा उभे राहिले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठले आणि कॅमेरा आणला. कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ त्यांनी दिवसागणिक थोडी थोडी टिपली. पडद्यावर पाहता पाहता वेल वाढताना दिसला आणि भांडवलदाराचा विश्वास बसला. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित झाला तो सूर्यप्रकाशात. ढग आले की काम थांबणार आणि माणसांचा खर्च मात्र चालू राहणार! सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर ऊन परतवीत, घरच्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळीत आणि रात्री फिल्म धुवायला बसत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो चित्रपट लागला. त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या!

पुढे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. तिथेही मतभेद झाले. रागावून दादासाहेब काशीला गेले आणि काही काळाने परतले. १९३१ मध्ये बोलपट आला. आवाजासाठी बंदिस्त स्टुडिओ लागले, उन्हाची जागा विजेच्या दिव्यांनी घेतली. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांनी डोळे मिटले, तेव्हा हा धंदा त्यांना जवळजवळ विसरला होता.

मला हेच लागते. उन्हासाठी तासन् तास थांबणाऱ्या या माणसासाठी चित्रपटसृष्टी क्षणभरही थांबली नाही. १९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारकही उभे राहिले. सुटीत मुलांना तिथे नेलेत, तर पहिल्या चित्रपटाचे वर्ष जरूर सांगा. पण भर उन्हात चादर धरून उभ्या असलेल्या सरस्वतीबाईंची गोष्ट त्याआधी सांगा.