रॉल्फ सीव्हर्ट

रॉल्फ मॅक्सिमिलियन सीव्हर्ट (६ मे १८९६ – ३ ऑक्टोबर १९६६) हे स्वीडनचे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होते. वैद्यकीय उपचारांतील किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याच्या व गणिताने काढण्याच्या पद्धती, तसेच किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम यांच्या विकासात त्यांचा मोठा वाटा आहे. किरणोत्सर्गाचा मानवी शरीरावरील परिणाम व्यक्त करणाऱ्या 'सीव्हर्ट' या आंतरराष्ट्रीय एककाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. सी.टी. स्कॅनमधील रुग्णाच्या मात्रेचे अनुमान याच एककाच्या सहस्रांशात, म्हणजे मिलिसीव्हर्टमध्ये, दिले जाते.

जीवन

सीव्हर्ट यांचा जन्म स्टॉकहोम येथे झाला. त्यांचे वडील माक्स सीव्हर्ट हे जर्मनीतून स्वीडनमध्ये स्थायिक झालेले उद्योजक असून विद्युत् तारांच्या उत्पादनात त्यांनी मोठे यश मिळवले होते. १९१३ मध्ये वडिलांचे निधन झाले. वारशाने मिळालेल्या संपत्तीमुळे रॉल्फ यांना उपजीविकेची चिंता उरली नाही. त्यांनी काही काळ वैद्यकाचा व अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि पुढे उप्साला विद्यापीठात भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले. १९३२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट प्रदान केली.

१९२० च्या सुमारास त्यांनी स्टॉकहोममधील रेडियमहेमेट या कर्करोग रुग्णालयात काम सुरू केले. रुग्णालयाचे प्रमुख यॉस्टा फोर्सेल होते. सुरुवातीची काही वर्षे सीव्हर्ट यांनी तेथे विनावेतन काम केले. १९२४ मध्ये ते रुग्णालयाच्या भौतिकी प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. १९३७ मध्ये ही प्रयोगशाळा कॅरोलिन्स्का संस्थेच्या किरणोत्सर्ग भौतिकी विभागात रूपांतरित झाली आणि १९४१ मध्ये सीव्हर्ट तेथे प्राध्यापक झाले.

मात्रेचे मापन आणि गणित

सीव्हर्ट यांनी काम सुरू केले त्या काळी क्ष-किरणांची मात्रा ठरवण्याचा सर्वमान्य मार्ग नव्हता. त्वचा लाल होण्यास किती वेळ लागतो, यावरून डॉक्टर अंदाज बांधत. यंत्रांची शक्ती व रुग्णांची त्वचा सारखी नसल्याने एका रुग्णालयातील अंदाज दुसऱ्या रुग्णालयात लागू पडत नसे. मात्रा कमी पडल्यास कर्करोग बरा होत नसे आणि अधिक झाल्यास निरोगी ऊती जळत. किरणांसमोर काम करणाऱ्या अनेक डॉक्टरांना स्वतःलाही जखमा व कर्करोग झाले होते.

हा प्रश्न सीव्हर्ट यांनी दोन मार्गांनी हाताळला. पहिला मार्ग गणिताचा होता. रेडियमच्या नळीभोवती निरनिराळ्या बिंदूंपाशी किरणांची तीव्रता किती असेल, हे नळीच्या भिंतीत होणारे शोषण लक्षात घेऊन काढण्याची रीत त्यांनी १९२१ मध्ये मांडली. या रीतीतील समाकल आज 'सीव्हर्ट समाकल' म्हणून ओळखला जातो. दुसरा मार्ग प्रत्यक्ष मापनाचा होता. त्यांनी विद्युत् भारित करता येणारा लहान आयनीकरण कक्ष तयार केला. किरणांमुळे कक्षातील हवेचे आयनीकरण होऊन भार कमी होई आणि कमी झालेल्या भारावरून मात्रा कळे. तारांनी जोडलेला नसल्यामुळे हा कक्ष रुग्णाच्या शरीरावर किंवा शरीराच्या पोकळीत ठेवता येत असे. तो 'सीव्हर्ट कक्ष' या नावाने प्रसिद्ध झाला.

१९२० च्या दशकाच्या मध्यापासून सीव्हर्ट व त्यांचे सहकारी मापनाची साधने घेऊन स्वीडनमधील रुग्णालयांत फिरू लागले. प्रत्येक यंत्राची तपासणी त्याच्या जागी करून देशभर मात्रांमध्ये एकवाक्यता आणणे हा या दौऱ्यांचा हेतू होता. १९४१ मध्ये स्वीडनने किरणोत्सर्ग संरक्षणाचा कायदा केला व तपासणीची जबाबदारी त्यांच्या संस्थेकडे आली.

आंतरराष्ट्रीय कार्य

१९२८ मध्ये दुसरी आंतरराष्ट्रीय क्ष-किरणशास्त्र परिषद स्टॉकहोम येथे भरली. रंटगेन हे एकक तेथे स्वीकारण्यात आले व क्ष-किरण आणि रेडियम यांपासून संरक्षणासाठी एक समिती नेमण्यात आली. सीव्हर्ट या समितीच्या संस्थापक सदस्यांपैकी होते. हीच समिती पुढे आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग झाली. १९५६ ते १९६२ या काळात सीव्हर्ट आयोगाचे अध्यक्ष होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे लक्ष अल्प मात्रांकडे वळले. निसर्गातून, घरांच्या बांधकाम साहित्यातून व अणुस्फोटांच्या धुळीतून माणसाला मिळणारा किरणोत्सर्ग मोजण्यासाठी त्यांनी संवेदनशील उपकरणे बनवली. अणुकिरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी १९५५ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीत त्यांनी स्वीडनचे प्रतिनिधित्व केले व काही काळ अध्यक्षपदही भूषवले. भारत या समितीच्या मूळ १५ सदस्य राष्ट्रांपैकी एक होता. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर हे भारताच्या प्रतिनिधींमध्ये होते.

सी.टी. स्कॅन आणि मात्रेचे स्वयंचलित अनुमान

रुग्णावरील पहिला सी.टी. स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये झाला. तो पाहण्यास सीव्हर्ट हयात नव्हते, परंतु या तपासणीतील मात्रेचे अनुमान त्यांनी अवलंबलेल्या दोन्ही मार्गांवर, म्हणजे मापन व गणित यांवर, आधारलेले आहे.

सी.टी. यंत्राची मात्रा १६ व ३२ सें.मी. व्यासाच्या ॲक्रिलिक वृत्तचितींत १० सें.मी. लांबीचा आयनीकरण कक्ष ठेवून मोजली जाते. त्यावरून यंत्र प्रत्येक तपासणीसाठी एक निर्देशांक दाखवते. या निर्देशांकाला तपासलेल्या भागाच्या लांबीने गुणले असता मात्रा-लांबी गुणाकार मिळतो. या गुणाकाराला शरीराच्या त्या भागासाठी ठरलेल्या गुणांकाने गुणल्यास परिणामी मात्रा मिलिसीव्हर्टमध्ये येते. प्रौढाच्या छातीसाठी हा गुणांक ०.०१४ धरला जातो. म्हणजे मात्रा-लांबी गुणाकार ५०० मिलिग्रे-सें.मी. असल्यास परिणामी मात्रा सुमारे ७ मिलिसीव्हर्ट होते. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते.

प्रत्येक अवयवाला मिळणारी मात्रा काढण्यासाठी संगणकावर मानवी शरीराचे गणिती प्रतिरूप उभे करून माँटे कार्लो पद्धत वापरतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण मंडळाने १९९० च्या दशकाच्या आरंभी अशी कोष्टके उपलब्ध केली. जुनी यंत्रे मात्रेचा तक्ता केवळ चित्राच्या रूपात साठवत. त्यामुळे त्यातील आकडे हाताने उतरवावे लागत किंवा अक्षर ओळखणाऱ्या आज्ञावलीने वाचावे लागत. डायकॉम मानकात मात्रेच्या संरचित अहवालाची सोय झाल्यावर यंत्रातील आकडे थेट संगणकात येऊ लागले. अशा आज्ञावली रुग्णालयातील हजारो तपासण्या पडताळून नेहमीपेक्षा अधिक मात्रा गेलेल्या तपासण्या वेगळ्या काढतात.

या आकड्यांना मर्यादा आहेत. निर्देशांक ॲक्रिलिकच्या वृत्तचितीतील मात्रा सांगतो, रुग्णाच्या शरीरातील नव्हे. ३२ सें.मी. वृत्तचितीवर आधारलेला निर्देशांक लहान मुलाची खरी मात्रा निम्म्याहून कमी दाखवू शकतो. म्हणून रुग्णाचा आकार विचारात घेणारी दुरुस्ती अमेरिकन वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ संघाने २०११ मध्ये सुचवली. स्कॅनमधील प्रतिमांवरून शरीराची जाडी मोजून ती आपोआप करता येते. तसेच परिणामी मात्रा सर्वसाधारण मानवी प्रतिरूपासाठी असते. एका विशिष्ट रुग्णाचा धोका ठरवण्यासाठी ती वापरू नये, अशी आंतरराष्ट्रीय आयोगाची भूमिका आहे.

सन्मान

१९७९ मध्ये वजन-मापांच्या १६ व्या सर्वसाधारण परिषदेने 'सीव्हर्ट' हे एकक स्वीकारले. १ सीव्हर्ट म्हणजे प्रतिकिलोग्रॅम १ ज्यूल. हा आकडा किरणांच्या प्रकारानुसार होणारा जैविक परिणाम लक्षात घेऊन काढलेला असतो. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण संघ १९७३ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देतो.