एका गोळीचे ओझे

वजन उचलण्याच्या खेळाइतका सरळ खेळ दुसरा नाही, असे एके काळी मानले जाई. बारबेल वर गेली किंवा नाही, एवढाच निकाल. वारा-पाऊस, मैदानाचा कौल, सहकाऱ्यांची साथ यांना त्यात वाव नाही. या सरळ खेळात गुंता शिरला तो एका लहानशा गोळीमुळे. ती गोळी अमेरिकेच्या नामवंत वेटलिफ्टर्सच्या हाती ठेवणारे वैद्य म्हणून डॉ. जॉन बॉस्ली झिगलर यांचे नाव क्रीडा इतिहासात नोंदले गेले. उत्तेजक द्रव्य घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न आज कोणत्याही पॉवरलिफ्टरसमोर उभा राहतो. झिगलर यांच्यासमोर तो खेळाडू म्हणून नव्हे, तर डॉक्टर म्हणून उभा राहिला होता. त्यांनी होकार दिला आणि उरलेले आयुष्य त्या होकाराचा हिशेब मांडण्यात गेले.

व्हिएन्नातील भेट

डॉक्टरांच्या घराण्यात जन्मलेले झिगलर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलातून पॅसिफिक आघाडीवर लढले आणि गंभीर जखमी झाले. युद्धानंतर त्यांनी मेरीलँड विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली व त्याच राज्यातील ओल्नी या गावी दवाखाना थाटला. धिप्पाड देहाचा, मोकळ्या स्वभावाचा हा माणूस व्यायामाचा शौकीन होता. त्यातूनच शेजारच्या पेनसिल्व्हानिया राज्यातील यॉर्क गावाशी त्यांचा संबंध जुळला. यॉर्क ही त्या काळातील अमेरिकी वेटलिफ्टिंगची राजधानीच होती. बारबेलचा कारखाना, व्यायामशाळा, राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षण आणि 'स्ट्रेंग्थ अँड हेल्थ' हे मासिक, या सर्वांची सूत्रे बॉब हॉफमन या एकाच गृहस्थाच्या हाती होती.

१९५४ मध्ये व्हिएन्ना येथे जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. झिगलर तेथे अमेरिकी संघाबरोबर होते. त्यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, सोव्हिएत संघाच्या डॉक्टरशी झालेल्या गप्पांत त्यांना एक गुपित कळले. सोव्हिएत खेळाडू टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेत होते. शीतयुद्धाचा तो काळ होता. सोव्हिएत लिफ्टर्स अमेरिकनांना मागे टाकू लागले होते आणि पदकांच्या तक्त्याला राजकीय अर्थ आला होता. मायदेशी परतल्यावर झिगलर यांनी टेस्टोस्टेरॉनचा प्रयोग स्वतःवर आणि काही मोजक्या लिफ्टर्सवर करून पाहिला. त्याचे दुष्परिणाम पाहून त्यांचे समाधान झाले नाही. स्नायूंना बळ देणारे, पण इतर परिणाम कमी असणारे औषध त्यांना हवे होते.

ते १९५८ मध्ये अमेरिकी बाजारात आले. सिबा या औषध कंपनीचे डायनाबॉल. हे औषध झिगलर यांनीच शोधून काढले, असे अनेकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. औषध कंपनीचे होते, रुग्णांसाठी होते. झिगलर यांनी केले ते एवढेच, की ते धडधाकट माणसांना दिले.

मासिकात न छापलेली गोष्ट

झिगलर यांच्या देखरेखीखाली डायनाबॉल घेणाऱ्यांत बिल मार्च आणि लुई रीकी ही दोन नावे ठळक आहेत. १९६० च्या सुमारास दोघांनीही सरावाची एक नवी पद्धत सुरू केली. लोखंडी चौकटीत अडकवलेल्या, न हलणाऱ्या बारला काही सेकंद सर्व शक्तीनिशी रेटा द्यायचा, अशी ही आयसोमेट्रिक पद्धत. झिगलर यांचा तिच्यावर मनापासून विश्वास होता. थोड्याच काळात दोघांची कामगिरी झपाट्याने उंचावली. मार्च राष्ट्रीय विजेता झाला. तिशी ओलांडलेल्या रीकीने १९६४ मध्ये स्नॅच प्रकारात विश्वविक्रम केला.

हॉफमन यांच्या मासिकाने या प्रगतीचे सारे श्रेय आयसोमेट्रिक व्यायामाला दिले. त्या व्यायामाच्या चौकटी आणि पुस्तिका विक्रीस आल्या. गावोगावच्या तरुणांनी त्या विकत घेतल्या, महिनोन् महिने न हलणारे बार रेटले आणि मार्चसारखी प्रगती आपल्याला का साधत नाही, म्हणून स्वतःलाच दोष दिला. गोळीचा उल्लेख मासिकात नव्हता.

त्या वेळी डायनाबॉल घेण्यास कोणत्याही क्रीडा संघटनेची बंदी नव्हती. त्यामुळे नियमभंग झाला, असे म्हणता येणार नाही. तरीही अन्याय झालाच. ज्यांना सत्य ठाऊक होते, त्यांनाच निवड करता आली. इतरांना आपण कोणत्या स्पर्धेत उतरलो आहोत, हेच कळले नाही.

मात्रा हातातून सुटली

झिगलर यांचा भरवसा मात्रेवर होता. रोज एक-दोन गोळ्यांपुरते प्रमाण, तेही ठराविक काळ आणि डॉक्टरच्या नजरेखाली, असा त्यांचा दंडक होता. स्पर्धेत उतरलेल्या खेळाडूचा हिशेब निराळा असतो, हे त्यांनी गृहीत धरले नव्हते. दोन गोळ्यांनी एवढे बळ येते तर दहांनी किती येईल, असा तो हिशेब. खेळाडू परस्पर गोळ्या मिळवून अनेक पटींनी घेऊ लागले. पोटात घेण्याचे हे औषध यकृताला जाचक असते. मोठ्या मात्रेत ते रक्तदाब व रक्तातील चरबीचे संतुलन बिघडवते आणि शरीराची स्वतःची संप्रेरकनिर्मिती मंदावते. धोक्याची चिन्हे दिसू लागल्यावर झिगलर यांनी या उद्योगातून अंग काढून घेतले. १९६० चे दशक सरत आले तेव्हा ते कडवे विरोधक बनले होते. पण गोळीला आता डॉक्टरची गरज उरली नव्हती.

ज्या ध्येयासाठी हा खटाटोप झाला, तेही साधले नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये चार्ल्स विन्ची याने अमेरिकेला वेटलिफ्टिंगचे सुवर्णपदक मिळवून दिले. १९६४ मध्ये टोकियोत एकही सुवर्णपदक मिळाले नाही. त्यानंतर अमेरिकेच्या महिलांनी हे सुवर्ण जिंकले. पुरुषांना ते आजवर मिळालेले नाही. सर्वांच्याच हाती तीच गोळी आल्यावर कोणाचाच लाभ टिकत नाही, हानी मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येते.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्टिरॉइडची चाचणी प्रथमच झाली. त्यात सात वेटलिफ्टर दोषी ठरले. दोन सुवर्णपदके परत घेण्यात आली. दोषींत दोघे अमेरिकन होते.

पॉवरलिफ्टिंगचा वारसा

स्क्वॉट, बेंचप्रेस आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांचा पॉवरलिफ्टिंग हा खेळ याच काळात, याच यॉर्कमध्ये आकाराला आला. १९७१ ची पहिली जागतिक स्पर्धाही तेथेच भरली. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नव्हता, म्हणून ऑलिंपिकच्या चाचण्यांचा धाकही नव्हता. पुढे चाचणी घ्यावी की नाही, यावरूनच संघटनांत फूट पडली. आजही काही संघटना चाचणी घेतात, काही घेत नाहीत. तेव्हा कोणत्या मंचावर उभे राहायचे, हे लिफ्टरला आधी ठरवावे लागते. ज्याला औषध घ्यायचे आहे, त्याला निदान तसे उघड सांगून उतरण्याची वाट आहे. चाचणीच्या मंचावर लपवून घेणारा मात्र मार्च-रीकीच्या काळातील तीच जुनी फसवणूक पुन्हा करतो. आणि आता ती नियमाविरुद्धही आहे.

झिगलर यांना अखेरच्या वर्षांत हृदयविकाराने ग्रासले. स्वतःवर केलेल्या प्रयोगांचाही त्यात वाटा असावा, असे त्यांना वाटत असे. आयुष्यातील ते प्रकरण पुसून टाकता आले असते तर बरे झाले असते, अशी खंत ते बोलून दाखवीत. ९ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच दशकात डायनाबॉल अमेरिकेच्या बाजारातून हद्दपार झाले आणि १९९० च्या कायद्याने स्टिरॉइड्स नियंत्रित द्रव्यांच्या यादीत गेली.

झिगलर दुष्ट नव्हते, लोभीही नव्हते. आपल्या खेळाडूंना मागे पडू द्यायचे नाही, एवढीच त्यांची इच्छा होती. थोडेसेच घ्यायचे आणि वेळीच थांबायचे, ही त्यांनी मनाशी बांधलेली समजूत आजही व्यायामशाळांतून ऐकू येते. ती समजूत मोडून पडल्याचे पाहणारा पहिला माणूस तिचा जनकच होता.