पिसवांच्या मागावर गेलेले डॉ. सिमाँ

सुगी आली की आपल्याकडे उंदीर किती होतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. शिवारात बिळं, घरात कणगीखाली बिळं! एखादा उंदीर मेलेला दिसला तर आपण शेपटीला धरून उकिरड्यावर भिरकावून देतो. पण पूर्वी घरात उंदीर पडला की मोठ्या माणसांच्या पोटात धस्स होई. भरलं घर सोडून लोक माळावर झोपड्या बांधून राहत. कारण उंदरांमागून प्लेग येई. काखेत नाहीतर जांघेत गाठ उठे, सडकून ताप भरे आणि पुष्कळ रोगी आठवडाभरात दगावत. उंदराचा हा रोग माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे डॉ. पॉल लुई सिमाँ यांनी शोधून काढले.

त्यांचा जन्म ३० जुलै १८५८ रोजी फ्रान्समधील एका लहान गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. तरुणपणीच ते दूर दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गियाना येथे गेले व तेथे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत त्यांनी काम केले. १८८७ साली कुष्ठरोगावरच प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. पुढे चीनमध्ये असताना त्यांनी प्लेग जवळून पाहिला. मग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते जंतुशास्त्र शिकले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तेथून पुण्यापर्यंत व खेड्यापाड्यांत पसरला. १० मार्च १८९७ रोजी आपल्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता याच रोगाने गेल्या. प्लेगचे जंतू येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगला शोधले होते. पण ते माणसाच्या अंगात शिरतात कुठून, हे काही कळत नव्हते. सरकार घरे धुऊन काढी, सामान जाळी, तरी रोग हटेना.

अशा वेळी १८९७ साली डॉ. सिमाँ मुंबईत आले. रोग्यांना तपासताना काहींच्या अंगावर त्यांना बारीक फोड दिसला. फोडातल्या पाण्यात प्लेगचे जंतू निघाले. हा फोड पिसू चावल्याचा तर नसेल? आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. नुकताच मेलेला उंदीर उचलणाऱ्याला प्लेग होई, पण मरून बराच वेळ झालेला उंदीर तसा बाधत नसे. असं का बरं? उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसवा त्याला सोडून दुसरं ऊबदार अंग शोधायला निघतात!

पण नुसत्या तर्काला कोण विचारतो? २ जून १८९८ रोजी कराचीत त्यांनी प्रयोग मांडला. प्लेगचा रोगी असलेल्या घरातून आणलेला आजारी उंदीर काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला. त्याच्या अंगावर पिसवा होत्याच, तरी कमी पडू नयेत म्हणून हॉटेलातल्या मांजराच्या पिसवाही बरणीत सोडल्या. मग जाळीच्या लहान पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर घालून तो पिंजरा बरणीत वर टांगला. दोन उंदरांचा एकमेकांना स्पर्श होत नव्हता. खालून वर जाऊ शकत होत्या त्या फक्त पिसवा. आजारी उंदीर मेला आणि पाचएक दिवसांनी वरचाही मेला. त्याच्या अंगात प्लेगचेच जंतू भरलेले होते. पिसवा नसलेल्या आजारी उंदराजवळ चांगला उंदीर ठेवला, तर त्याला काही झाले नाही. एखादी पिसू डॉक्टरांना चावली असती तर? तो धोका पत्करूनच त्यांनी हे काम केले.

त्यांनी हा शोध त्याच वर्षी छापला. पण पुष्कळ विद्वानांनी तो मानला नाही. १९०५ नंतर मुंबईत परळला प्लेग आयोगाने प्रयोग केले, तेव्हा कुठे सर्वांना पटले. तोवर आपल्या देशात लाखो माणसे गेली होती. १९१४ साली आणखी उलगडा झाला. पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो. रक्त आत जात नाही, म्हणून भुकेलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि जंतू जखमेत सोडते.

डॉ. सिमाँ यांनी पुढे ब्राझीलमध्ये पीतज्वरावर काम केले. ३ मार्च १९४७ रोजी ते फ्रान्समध्ये वारले.

प्लेग अजून संपलेला नाही, बरं का! अमेरिका, मध्य आशिया, मादागास्कर येथे रानातल्या उंदरांत आणि खारींच्या जातीच्या प्राण्यांत हे जंतू आजही आढळतात. १९९४ साली आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवांचा त्रास सुरू झाला, उंदीर पडले आणि मग गाठीच्या तापाचे रोगी निघाले. आता यावर औषधे आहेत, पण ती वेळेवर मिळाली पाहिजेत.

म्हणून घरात किंवा शेतात मेलेला उंदीर दिसला तर उघड्या हाताने उचलू नका. मोठ्यांना सांगा. बरेच उंदीर एकदम मरू लागले तर आरोग्य केंद्रात लगेच कळवा. धान्य झाकून ठेवा आणि ही माहिती घरी आजी-आजोबांनाही वाचून दाखवा.