माहीमच्या ‘लेडी जमशेदजी’ कोण होत्या? त्यांच्याकडून आज काय शिकावे?

माहीमहून वांद्र्याला जाताना खाडी कधी ओलांडली, हे आज कळतही नाही. 1845 पूर्वी मात्र होडीशिवाय पर्याय नव्हता. होड्या उलटून माणसे बुडत.

अवाबाईंनी काय केले?
पुलासाठी पैसे द्यायला कंपनी सरकार तयार नव्हते. तेव्हा सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई पुढे आल्या. आधी 1 लाख, खर्च वाढल्यावर आणखी 57 हजार रुपये त्यांनी दिले. 1845 मध्ये माहीम कॉजवे खुला झाला.

अट कोणती होती?
कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. टोपलीवाली कोळीण असो वा बग्गीतला शेठ, वाट सर्वांना फुकट.

तरुण कार्यकर्त्यांसाठी धडा काय?
अवाबाई आंदोलक नव्हत्या, त्यांच्याकडे पैसा होता. पण लोकांची सोय लोकांचीच राहावी, हे त्यांनी पैसे देतानाच ठरवून घेतले.

दुसरी बाजूही आहे. भराव आणि बांधकामांनी मिठीचे मुख आवळले गेले, त्यात कॉजवेचाही वाटा आहे. 26 जुलै 2005 च्या पुरात आवळलेल्या मिठीची किंमत मुंबईने मोजली. म्हणून खाडीलगतच्या प्रत्येक प्रकल्पाला दोन प्रश्न विचारायला हवेत: वाट कोणासाठी खुली आणि पाणी कुठून जाणार?